अर्धी गोळी

«ताई, मी इंदूरच्या सुदामा नगरात राहते, वय 43. आमचे हे 48 वर्षांचे आहेत. पीथमपूरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत 14 वर्षं मशीन ऑपरेटर होते. मागच्या दिवाळीनंतर कंपनीने त्यांची लाइन बंद केली. साठ-सत्तर माणसांच्या एका कागदावर सह्या घेतल्या आणि "हिशेब नंतर करू" म्हणून घरी पाठवलं. आता आठवा महिना चालू आहे. सुरुवातीला दोन-तीन ठिकाणी जाऊन आले, पण सगळीकडे पंचविशीतली मुलं हवीत, तीही ठेकेदाराकडून. आता कुठे जात नाहीत. पहाटे साडेचारला उठून गॅलरीत बसतात. सहाच्या सुमारास पीथमपूरच्या बसेस गेल्या की आत येऊन परत झोपतात, ते अकराला उठतात. दाढी करत नाहीत. पोटात जळजळ, मान आखडते, छातीत धडधडतं म्हणतात. डॉक्टर म्हणाले काही नाही, टेन्शन घेऊ नका. बीपीची गोळी हल्ली अर्धीच घेतात. विचारलं तर म्हणाले, आता काम कुठे आहे, अर्धी पुरते. मी एका मेससाठी रोज सव्वाशे पोळ्या करून देते, त्यावर घर चाललंय. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सासूबाई म्हणतात, तूच डोक्यावर चढवून ठेवलंस. भाऊजी तोंडावर म्हणाले, "हातपाय धड असलेला माणूस घरी बसतो कसा?" परवा मीही चिडून बोलले, तर म्हणाले, "माझ्यापेक्षा माझा विमा तुमच्या जास्त कामाचा आहे." दिवसभर जेवले नाहीत. ताई, हा आजार आहे की आळस? मी कडक व्हावं की गप्प राहावं?»

ताई, तुम्ही शेवटी जो प्रश्न विचारलाय त्याच्याकडे मी येतेच. पण तुमच्या पत्रात दोन वाक्यं अशी आहेत की ती आधी घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

पहिलं विम्याचं. ते रागात बोलले असतील, तुम्हाला गप्प करायला बोलले असतील, पण तसं समजून सोडून देऊ नका. आजच, मुलगी आणि सासूबाई आसपास नसताना, शेजारी बसून सरळ विचारा: "परवा विम्याचं बोललात, तेव्हापासून मला झोप नाही. जीव द्यायचा विचार मनात येतो का?" याच शब्दांत विचारा. विचारल्याने नसलेला विचार मनात येतो अशी भीती पुष्कळांना वाटते, ती खरी नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणसाला हलकं वाटतं. "हो" म्हणाले तर त्यांना एकटं ठेवू नका, भाऊजींना बोलवा आणि त्याच दिवशी एम.वाय. या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला घेऊन जा. रात्र असली तरी तिथली कॅज्युअल्टी उघडी असते. "नाही" म्हणाले तरी घरातल्या सगळ्या औषधांचा डबा काही महिने तुमच्या ताब्यात, कुलपात राहू द्या. आणि 14416 हा नंबर फ्रिजवर लावून ठेवा. तो टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेचा नंबर आहे. 2022 पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. तुम्हीसुद्धा करू शकता, फक्त त्यांच्यासाठीच आहे असं नाही.

दुसरं वाक्य अर्ध्या गोळीचं. ते तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मी मात्र तिथेच थांबले आणि पत्र परत पहिल्यापासून वाचलं.

काम नाही म्हणून बीपी कमी राहील, हे त्यांनाही खरं वाटत नसणार. चौदा वर्षं मशीन चालवलेल्या माणसाला माहीत असतं की तेल अर्धं घातलं तर काय होतं. ते पैसे वाचवतायत, ताई. घरात कोणाचा खर्च कमी करता येईल याचा हिशेब त्यांनी मांडला. तुमचा नाही, मुलीचा नाही, आईचा नाही. मग उरले ते स्वतः. दाढीचं ब्लेड, गोळी, परवाचं जेवण, सगळं त्याच हिशेबात बसतं, आणि विम्याचं वाक्यही तिथूनच आलंय. ज्याला घरचे आळशी म्हणतात तो माणूस रोज स्वतःला थोडं थोडं कापून घरखर्चात भर घालतोय. सासूबाईंना हे दिसत नाही याचा मला राग नाही, त्यांना कोणी दाखवलं नसेल. पण तुम्हाला दिसायला हवं, कारण ती गोळी तुमच्यासमोर तोडली जातेय.

आणि ती बचत फार महाग पडेल. बीपीची गोळी अर्धी केली, एक दिवसाआड घेतली, की दाब वरखाली होत राहतो आणि माणसाला आतून काही कळत नाही. कळतं ते एकदम, लकवा मारल्यावर किंवा हृदयावर आल्यावर. प्रश्न पैशाचा असेल तर तो सुटण्यासारखा आहे. डॉक्टरांना गोळीचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि सरकारी जनऔषधी केंद्रातून घ्या. तीच औषधं तिथे निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीत मिळतात. आपल्याकडच्या सरकारी संजीवनी क्लिनिकमध्ये बीपी तपासून गोळ्या फुकटही देतात. ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं कार्ड अजून चालू आहे का तेही नंदा नगरच्या हॉस्पिटलात विचारून घ्या. डोस कमी करायचाच असेल तर तो डॉक्टर करतील.

आता तुमचा प्रश्न. आळस नाही. आजार आहे का, हे मानसोपचार तज्ज्ञाने बघून सांगायचं, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात उदासीनतेच्या आजाराची पुष्कळ लक्षणं आहेत: पहाटे फार लवकर जाग येणं, कशात रस न राहणं, स्वतःची निगा सुटणं, आपण घराला भार आहोत असं वाटणं. दोन आठवड्यांहून जास्त हे रोज टिकलं तर दाखवायला हवं, असा साधारण नियम आहे. तुमच्याकडे महिने झालेत. आपल्या पुरुषांमध्ये हा आजार रडून बाहेर येत नाही. तो चिडचिडीतून, नाहीतर पोटदुखी-मानदुखीतून बाहेर येतो, म्हणून घरातले ओळखत नाहीत आणि बरेचदा फॅमिली डॉक्टरही "टेन्शन घेऊ नका" म्हणून मोकळे होतात.

"काही नाही" याचा अर्थ एवढाच की त्या दिवशी त्या तपासणीत काही सापडलं नाही. जळजळ खरी आहे, धडधड खरी आहे. काळजी डोक्यात बसून राहत नाही, ती अंगात उतरते. धोका समोर असला की शरीर ताणाची रसायनं सोडतं, नाडी वाढते, दाब वाढतो, साखर वाढते, पोट आवळतं, स्नायू ताठ होतात. वाघ आला तर पळायला हे उपयोगी आहे. पण हप्ता, फी, किराणा हे वाघ आठ महिने दाराशी बसून असतील तर शरीर आठ महिने पळण्याच्या तयारीत राहतं आणि झिजतं. अमेरिकेत कासल आणि कॉब या दोन संशोधकांनी बंद पडणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना आधीपासून नंतरपर्यंत तपासलं होतं. कारखाना अजून चालू होता, फक्त बंद होणार हे कळलं होतं, तेव्हाच माणसांचा रक्तदाब चढलेला होता. पुन्हा स्थिर काम मिळालेल्यांचा तो खाली आला. म्हणजे तुमच्या यजमानांचं शरीर कदाचित दिवाळीच्या आधीपासून, लाइनवर कुजबूज सुरू झाली तेव्हापासून हे सोसतंय. 2009 साली जगभरच्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली, त्यात काम असलेल्या शंभरांपैकी सोळा माणसांना मानसिक त्रास दिसला आणि बेकार असलेल्या शंभरांपैकी चौतीस जणांना. दुपटीहून जास्त. एवढी माणसं एकदम आळशी होत नसतात. यातली पुष्कळ माणसं काम मिळाल्यावर सावरतात, हेही अशा अभ्यासांत दिसलंय. ते तुम्ही लक्षात ठेवा.

छातीतल्या धडधडीचा मात्र घरी निकाल लावू नका. अर्धी गोळी चालू आहे हे डॉक्टरांना सांगितलं होतं का? मला वाटत नाही. पुन्हा दाखवा, ईसीजी काढा. छातीत दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणं, यातलं काही झालं तर टेन्शन आहे की काय याची चर्चा न करता थेट हॉस्पिटल.

तुम्ही लिहिलेली पहाटेची वेळ मला सोडवत नाही. चौदा वर्षं साडेचारला उठवलेलं शरीर अजून साडेचारलाच उठतंय. उठून बघतं तर पुढे काही नाही. बसेस जातात, त्यात आपली जागा नाही, मग परत झोप. काम गेलं की पगार जातो हे सगळ्यांना दिसतं. घड्याळही जातं, ते कोणी मोजत नाही. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं एक गाव होतं, सगळं एका कापड मिलवर जगणारं, अगदी आपल्या परदेशीपुरा-मालवा मिलच्या कामगार वस्तीसारखं. 1930 च्या सुमारास ती मिल बंद झाली. मारी याहोडा आणि तिचे सहकारी तिथे जाऊन राहिले, घराघरांत बसले, रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल मोजली. पुरुषांची चाल मंदावली होती, ते रस्त्यात वारंवार थांबत होते. वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं, आणि ते कोणत्या काळात? हातात पूर्ण दिवस मोकळा असताना. दिवसभर काय केलं असं विचारलं तर पुरुषांना नीट सांगता येत नव्हतं. बायकांची गोष्ट वेगळी होती. त्यांचा पगार गेला होता, पण चूल, पाणी, धुणं गेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा दिवस उभा होता आणि त्या थकून मोडल्या होत्या. ही तुमच्या घराची गोष्ट आहे, ताई. त्यांच्याकडे दिवस आहे आणि काम नाही. तुमच्याकडे काम आहे आणि दिवस पुरत नाही.

हे मी पुस्तकातून शिकण्याआधी घरात बघितलंय. माझे वडील इंदूरच्या एका मिलमध्ये होते. मिल बंद झाली तेव्हा मी कॉलेजात होते. वडील खाटेवर पडून राहायचे, आई बोलायची, आजी बोलायची, आणि मीही बोलले, जे मला आज परत घेता येत नाही. पण दर वर्षी एक काळ वेगळा जायचा. मिल बंद पडल्या तरी मिल कामगारांच्या अनंत चतुर्दशीच्या झाँक्या, म्हणजे मिरवणुकीतले हलते देखावे, बंद पडल्या नाहीत, हे तुम्ही स्वतः रस्त्यावर उभं राहून बघितलं असेल. त्या झाँक्यांच्या आधीचे दीड-दोन महिने वडील पहाटे उठायचे, दाढी करायचे, सायकल काढायचे. पगार नव्हता, एक पैसा नव्हता. पण कोणीतरी वाट बघत असायचं, एखाद्या पुतळ्याचा हात हलवायची मोटर बसवायची असायची, आणि ती यांनाच जमायची. त्या दिवसांत त्यांचं पोट दुखल्याचं मला आठवत नाही. विसर्जनानंतर चार-आठ दिवसांत परत खाट. तेव्हा आम्ही म्हणायचो, बघा, मनात आणलं तर येतं यांना. किती चुकीचं वाचलं आम्ही. मनात आणण्याचा प्रश्न नव्हता, त्यांना कोणीतरी बोलावलं होतं.

म्हणून "कडक की गप्प" यातलं मी काहीच सांगणार नाही. कडक बोलून त्यांच्या हिशेबात अजून एक वजाबाकी होईल. गप्प राहिलात तर त्यांना वाटेल, हिलाही पटलंय. तुम्ही बोला, पण नोकरी सोडून बोला. रोज संध्याकाळी "कुठे गेला होतात का?" हा प्रश्न महिनाभर बंद ठेवा. त्याऐवजी त्यांना दिवसात दोन ठरलेल्या वेळी, जिथे कोणीतरी वाट बघतंय अशा ठिकाणी जावं लागू द्या. पोळ्यांचे डबे मेसवर तुम्ही पोचवता ना? ते काम त्यांच्याकडे द्या. "रिकामेच बसलात तर एवढं करा" असं म्हणून देऊ नका. खरं ते सांगा: माझे खांदे दुखतायत, एवढं मला एकटीला ओढवत नाही. सव्वाशे पोळ्या लाटणाऱ्या बाईचे खांदे दुखतातच, ते लपवून तुम्ही कोणाचं भलं करत नाही. पिठाची गिरणी, मेसचा हिशेब, महिन्याची वसुली, हेही त्यांचं होऊ द्या. काही दिवस नाही जाणार, चिडतील. त्या दिवशी तुम्ही जा, भांडू नका, दुसऱ्या दिवशी परत त्यांचं.

दुसरं बोलावणं त्या साठ-सत्तर माणसांचं. ती सगळी आपापल्या गॅलरीत एकटी बसली असणार आणि प्रत्येकाला वाटत असणार की आपल्यातच काही कमी आहे. ह्यांचा जो जवळचा मित्र लाइनवर होता, त्याच्या बायकोला तुम्ही फोन करा. दोघं-तिघं एका रविवारी कोणाच्या तरी घरी पोहे खायला बसू देत. विषय आपोआप निघेल, कारण त्यांचे पैसे अडकलेत. तो कागद काय होता, राजीनामा होता की आणखी काही, हे आधी शोधायला हवं, त्याची प्रत मागा. स्वखुशीचा राजीनामा आणि कंपनीने केलेली छाटणी यात हक्कांचा मोठा फरक पडतो. छाटणी असेल तर भरलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळायचा असतो. ग्रॅच्युइटी तर राजीनामा दिला असला तरी मिळते, पाच वर्षं भरली की. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून समजा 13,000 असेल, तर त्याला 26 ने भागून 15 ने गुणा, म्हणजे 7,500, आणि 14 वर्षांचे 1,05,000. ही कोणाची मेहेरबानी नाही. ईएसआय कापलं जात असेल तर काम सुटलेल्यांसाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे: आयुष्यात एकदा, 90 दिवसांपर्यंत, रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मे. या योजनेची मुदत सरकार वेळोवेळी वाढवत आलंय, म्हणून आज ती चालू आहे ना आणि आपण बसतो ना, हे ईएसआयच्या शाखेत जाऊन विचारा. आठ महिने झालेत, अजून थांबू नका. वकिलाचे पैसे कुठून आणू असं वाटेल. औद्योगिक कामगाराला आणि बाईलाही कायद्याने फुकट वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, त्यांचा नंबर 15100. राज्याच्या श्रमायुक्तांचं कार्यालय तर आपल्या इंदूरलाच आहे, भोपाळला जायची गरज नाही.

एक सांभाळा. या पैशांसाठी भांडा, पण पैसे येतील तेव्हा आयुष्य सुरू होईल असं घरात कोणी म्हणू नका. इंदूरची हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद झाली आणि कामगारांचे 224 कोटी सुटले ते डिसेंबर 2023 मध्ये, 32 वर्षांनी. कितीतरी जण तोवर गेले होते, त्यांच्या बायका आणि मुलं कागद घेऊन उभी राहिली. त्या वाट बघण्यातच कित्येक घरांतली माणसं खाटेला लागलेली मी बघितली आहेत. तुमच्या यजमानांसाठी त्या भांडणाचा फायदा पैशाइतकाच दुसराही आहे: मंगळवारी अकराला ऑफिसात पोचायचं, फाइल सांभाळायची, चार मित्रांना फोन करायचे.

मानसोपचार तज्ज्ञांकडे न्यायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अडणार तिथेच. "मी काय वेडा आहे का?" म्हणतील. तुम्ही झोपेचं कारण सांगा, ते खरंच आहे. "पहाटेची झोप मोडते, बीपी त्याने चढतं, त्याच्यासाठी जाऊ." एम.वाय.मध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. औषध दिलं तर फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात काही होत नाही म्हणून सोडू देऊ नका. बरं वाटलं तरी मनाने बंद करू नका. तंबाखू किंवा दारू वाढली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, न लाजता.

भाऊजींशी तुम्ही बोला, यांच्या माघारी. त्यांना विम्याचं वाक्य जसंच्या तसं सांगा. मला वाटतं, ते ऐकल्यावर त्यांचा आवाज बदलेल. सासूबाईंना आजार आणि लक्षणं वगैरे समजावत बसू नका. त्यांना अर्धी तोडलेली गोळी हातात नेऊन दाखवा आणि सांगा की तुमच्या मुलाने तुमच्या औषधाचे पैसे कमी पडू नयेत म्हणून ही तोडली. आई आहेत त्या. मुलीलाही थोडं सांगा, एकोणीस-वीस वर्षांची मुलगी घरात काय चाललंय ते ओळखतेच आणि एकटी घाबरत असते.

आणि तुम्ही? पत्रात स्वतःबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पोळ्यांची. तुमचं बीपी शेवटचं कधी बघितलंत? त्यांना नेताना स्वतःचंही तपासून घ्या. रविवारी पोळ्यांना सुट्टी मागा, मेसवाल्याला दुसरीकडून घेऊ दे.

उद्या पहाटे साडेचारचा गजर लावा. सलग चार-पाच दिवसच, नंतर तुमची झोप मोडू नका. ते गॅलरीत गेले की दोन कप चहा घेऊन शेजारी बसा, काही बोलू नका. सहाच्या बसेस जाऊ देत. मग ते आत जायला उठतील, तेव्हा चपला पुढे करा आणि म्हणा, अन्नपूर्णा मंदिरापर्यंत जाऊन येऊ. परत आल्यावर नाश्ता, आणि गोळी त्यांच्या हातावर तुम्ही ठेवा, अख्खी. दर रविवारी बीपी मोजून कॅलेंडरवर लिहा आणि महिन्याने ते आकडे मला पाठवा, मी वाट बघतेय.